लाल दोऱ्याचा चाकू

मी, शिवराम बाबल्या रेवाळे, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा व्यवसाय हापूस आंब्याची कलमे बांधणे, सध्याचा व्यवसाय काळजी करणे, राहणार नाचणे, रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचणीने लावला आहे. टाचणी पितळेची आहे, म्हणजे गंजून कागद खाणार नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आहे तो छातीत, आणि त्यासाठी येत्या गुरुवारी मला कोल्हापूरला नेणार आहेत. डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशनातून शंभरातली अठ्ठ्याण्णव माणसे सुखरूप घरी येतात. मी चाळीस वर्षे कलमे बांधली. शंभरातल्या उरलेल्या दोघांचे काय होते ते मला ठाऊक आहे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. करायला दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा एका ठरावीक मुद्द्याशी येऊन हात थांबला आणि कागद बंबात गेला. या वेळी तसे होऊ नये म्हणून बंब आधीच पेटवून, आंघोळ उरकून बसलो आहे.

१) माझी पत्नी हौसा सहा वर्षांपूर्वी वारली. मागे एकच मुलगी, सौ. निशिगंधा, राहणार ठाणे. नाचण्याचे चिऱ्याचे घर, आवार, विहिरीतला वाटा आणि बँकेत जे काही असेल ते सर्व तिचे. त्याविषयी मला चिंता नाही. या कागदातली चिंता नसलेली गोष्ट एवढी एकच.

निशी, मागच्या पडवीचे दार थोडे वर उचलून मग ओढावे, नाहीतर कडी बसल्यासारखी वाटते आणि बसत नाही. गॅसचे बटण बंद केल्यावर पुन्हा एकदा बघावे. मी तीनदा बघतो, तू एकदा तरी बघ.

२) मागच्या आवारात हापूसची सात कलमे आहेत. सहा माझ्या हातची. विहिरीकडचे सातवे तुळसाच्या हातचे आहे. तुळसा म्हणजे श्रीमती तुळसा पांडुरंग आग्रे. हातखंब्याजवळच्या रोपवाटिकेत आम्ही दोघे एका मांडवाखाली काम करत होतो. ते कलम कोणत्याही कारणाने तोडू नये. रस्ता रुंद करायला कोणी टेप घेऊन आला तर माझी सहा तोडा म्हणावे.

३) आता चाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. मी मिटणारे चाकू जमवतो. खिशात मावणारे, पाते मुठीत दुमडणारे, जुन्या पद्धतीचे. कलमवाल्याचा चाकू असाच असतो, आणि त्यातूनच मला हा नाद लागला. सगळे मिळून बावन्न आहेत. एकाचेही पाते चार इंचांहून लांब नाही आणि खटका दाबून उघडणारा एकही नाही, तेव्हा परवान्याची भानगड नाही. हे मी वकिलांना तीन वेळा विचारून घेतले आहे. तिसऱ्या वेळी ते जरा चिडले.

हौसा म्हणायची, "लोकां तिकिटां जमवतात, नाणी जमवतात. तुमी बोटां कापायची हत्यारां जमवताव." तिने त्यांतला एकही कधी स्वयंपाकघरात नेला नाही. तिची विळी बरी होती. पण दर पावसाळ्याआधी सगळे चाकू जुन्या साडीवर मांडून पुसायला तीच बसायची. एखादा कमी भरला तर माझ्याआधी तिला कळायचे.

बत्तीस चाकू, एकाचे मोडलेले टोक सोडले तर, उत्तम स्थितीत आहेत. ते कपाटातल्या सागवानी पेटीत आहेत. ते निशिगंधाचे. पुढील गोष्टी पाळाव्यात. खोबरेल तेल लावू नये, चिकट होते. शिलाई मशीनचे तेल, एकच थेंब, सांध्यात. चामड्याच्या पाकिटात ठेवू नये, आपल्या हवेत आठ दिवसांत गंज धरतो. औषधाच्या बाटलीत पांढऱ्या गोळ्यांची पुडी येते ती फेकू नये, पेटीत टाकावी. आणि सानवी दहा वर्षांची होईपर्यंत पेटीची किल्ली घराबाहेर ठेवावी. माझी नात सहा वर्षांची आहे आणि जे जे बंद आहे ते उघडून बघते. मागच्या मे महिन्यात तिने माझ्या श्रवणयंत्राचे झाकण उघडले होते. तेव्हापासून दुपारी माझा डोळा लागत नाही.

४) आप्पा, म्हणजे लांज्याचे माझे चुलत बंधू, यांनी १९९१ साली शिंगाच्या मुठीचा माझा सर्वांत देखणा चाकू दोन मिनिटांसाठी म्हणून नेला आणि त्याने रंगाचा डबा उघडला. टोक मोडले. वर मला म्हणाले, "टोकच तर गेलां, बाकी चाकू हाय ना!"  मोडलेले टोक मी काडेपेटीत कापूस घालून ठेवले आहे. ते आप्पांना द्यावे. चाकू देऊ नये. टोकच तर आहे.

५) खुर्शीद अब्दुल्ला सोलकर, राहणार राजिवडा, माझा चाळीस वर्षांचा मित्र. सबंध नोकरी बोटीवर गेली. ज्या ज्या बंदरात उतरला तिथून माझ्यासाठी एक चाकू आणला. असे अकरा. जपानचा पितळी मुठीचा आणि फ्रान्सचा लाकडी मुठीचा हे त्यातले. हे अकरा चाकू मी काल त्याला परत दिले, त्याच्या नातवासाठी, अद्नानसाठी. वकील म्हणाले होते, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका, पुढे कटकट नको. खुर्शीद मला साक्षीदार हवा आहे. म्हणून आधीच देऊन मोकळा झालो.

देताना नेहमीप्रमाणे चाकू टेबलावर ठेवले आणि त्याने उचलले. चाकू हातातून हातात दिला तर भांडण होते असे आमच्याकडे मानतात. म्हणून तो खाली ठेवायचा आणि समोरच्याने उचलायचा. खुर्शीदही हे पाळतो. ही रीत ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

६) आता उरले नऊ. ते लाल पत्र्याच्या डब्यात, वेगळे आहेत. हे कारखान्यातूनच दोष घेऊन आलेले चाकू. दुकानदार म्हणायचे परत करा, बदलून देतो. मी बदलून घेत नसे. चांगल्या चाकूबद्दल बोलण्यासारखे फार काही नसते. चुकलेला हातात घेतला की, कोणाच्या हातून काय झाले असेल, तो जेवायच्या सुट्टीची वाट बघत होता की काय, असे विचार येतात. एकाचे पाते मिटताना मुठीला घासते. एकावर छाप उलटी उठली आहे. एकाला नख घालून उघडायची खाच दोन्ही बाजूंना पाडली आहे. बहुधा पाळी बदलली आणि दुसऱ्याने पुन्हा पाडली.

नवा चाकू आला की मी तो तपासत असे. एकवीस वेळा उघडायचा, एकवीस वेळा मिटवायचा, आणि दर वेळी कमानीचा, म्हणजे पाते धरून ठेवणाऱ्या मुठीतल्या स्प्रिंगचा, 'टक' ऐकायचा. मग मिटून उजेडाकडे धरायचा, फट दिसते का बघायला. शेवटी उघड्या चाकूची पाठ लाकडी फळीवर दाबायची. कमान खरी असेल तर पाते जागचे हलत नाही. रोपवाटिकेत लोक चेष्टा करत. पण कोणी नवा चाकू घेतला की पहिल्यांदा माझ्याकडेच आणत.

डब्यातल्या नऊपैकी चार चाकू बोटाला धोक्याचे आहेत. त्यांच्यावर लाल दोरा गुंडाळून गाठ मारली आहे, म्हणजे दोरा सोडल्याशिवाय उघडता येणार नाहीत. लाल दोऱ्याचा चाकू कोणीही उघडू नये. गंमत म्हणूनही नाही. भंगारात घालू नये, भंगारवाला तो दुसऱ्याला विकेल. समुद्रात टाकू नये, कोणाच्या जाळ्यात येईल आणि तो बिचारा हात घालेल. लोहाराकडे न्यावा, समोर उभे राहून खिळा ठोकून काढून घ्यावा, आणि पाते, मूठ, कमान असे तीन तुकडे तीन ठिकाणी पुरावेत. मी हे स्वतः का केले नाही, असे कोणी विचारेल. तीन चाकूंच्या बाबतीत उत्तर, आळस. चौथ्याच्या बाबतीत उत्तर पुढे देतो.

७) पितळी तांब्या.

कपाटाच्या वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पितळी तांब्या आहे. त्यात आजवर पाण्याचा थेंब पडलेला नाही. तो मला रोपवाटिकेत बक्षीस मिळाला होता. दर श्रावणात एक शनिवार पैजेचा असे. त्या दिवशी सगळ्यांनी कोय कलमे, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसच्या काड्या, बांधायची, आणि चाळीस दिवसांनी मोजायची. किती बांधली ते कोणी विचारत नसे. किती जगली ते बघायचे, आणि ज्याची जास्त जगली त्याला नवा तांब्या.

तुळसाची शंभरातली अठ्ठ्याण्णव जगत. माझी नव्वद. ती माझ्यानंतर आठ वर्षांनी कामाला लागली, चाकू कसा धरायचा ते मीच शिकवले, आणि सलग चार वर्षे तांब्या तिच्या घरी गेला. मी तोंडाने शाबास म्हणत होतो. मनातून जळत होतो. हे लिहायला मला एकोणीस वर्षे लागली.

८) याच मुद्द्याला दोन्ही कागद बंबात गेले होते.  पाणी पिऊन आलो. गॅस बघून आलो. लिहितो.

२००६ साली मी उत्तरेकडच्या एका कारखान्यातून टपालाने दोन चाकू मागवले. 'तीन होड्या' छाप. दोन्ही एकाच मापाचे, फक्त मूठ वेगळी. एकाची साधी, पिवळट लाकडाची, दुसऱ्याची काळी शिसवी, फार सुंदर. तपासताना कळले की काळ्याच्या कमानीत खोट आहे. 'टक' अगदी खणखणीत वाजायचा, पण फळीवर दाबले की पाते मिटायचे. असा चाकू फार वाईट, कारण तो कानाला फसवतो. मी त्याला लाल दोरा बांधला. हा मात्र ठेवून घेण्यासारखा नव्हता, म्हणून कारखान्याला पत्र लिहिले. पत्रातले वाक्य अजून पाठ आहे. "सदर चाकूची कमान पकडत नसून वापरणाऱ्याच्या बोटास गंभीर इजा होण्याचा संभव आहे." तारीख १० ऑगस्ट २००६.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कामाला वापरायला पिवळा, आणि काळा चाकू व पत्र असे पिशवीत घालून नेले. काळा आणि पत्र संध्याकाळी पोस्टात टाकायचे होते. पार्सलात दोरा कशाला, म्हणून काळ्याचा दोरा सोडून टाकला.

दुपारी जेवण झाल्यावर तुळसा आली. म्हणाली, "शिरामदादा, माज्या चाकूत कायच राह्यलां नाय बग, घासून घासून काडी झालाय. उद्याच्यापुरता तुजा येक दे ना." मी पिशवीतून दोन्ही काढले आणि फळीवर ठेवले. पिवळा पुढे सरकवणार होतो. तेवढ्यात तिने काळा उचलला. "ह्योच बरा हाय," म्हणाली, आणि हसली.

मी बघितले. सांगायला तोंड उघडले. त्याच वेळी पलीकडच्या बाया म्हणाल्या, "उद्याचा तांब्या पन तुळसाचाच, दुसरां कोन हाय!" आणि मी तोंड मिटले.

मला वाटले, उद्या चाकू तिला जरा दगा देईल, दहा-वीस कलमे बिघडतील. बोटाचा विचार मनात आला नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. ते खोटे आहे. बोटाचे वाक्य माझ्याच अक्षरात लिहिलेले माझ्याच पिशवीत होते. मग असेही म्हटले, की मी काही तिच्या हातात दिला नाही. ठेवला होता, तिने उचलला. रीतीच्या आड लपायला मला फार बरे पडले.

शनिवारी अकराच्या सुमारास झाले. खुंटाला, म्हणजे खालच्या रोपाला, चीर दिल्यावर पाते ओढून काढावे लागते. ओढताना ते मागे वळू बघते आणि कमानीने धरायचे असते. कमानीने धरले नाही. उजव्या हाताची तर्जनी, आतली शीर तुटली. तुळसा ओरडली नाही. ती बोटाकडे न बघता चाकूकडेच बघत होती. पहिला धावलो मी. जवळ दुसरे काही नव्हते, कलमाला गुंडाळतो ती प्लास्टिकची पट्टी घेतली आणि घट्ट बांधली. ती मला म्हणाली, "चांगली बांदलीस दादा."

जखम भरली. बोट वाकले नाही, आजही वाकत नाही. त्या हाताने पुन्हा कलम बांधून झाले नाही. पुढची तेरा वर्षे, निवृत्त होईपर्यंत, ती त्याच मांडवात रोपांच्या पिशव्यांत माती भरत बसायची, आणि समोर आम्ही बांधत असू. मी तिला रोज विचारत असे, "बोट दुखतां का गो?" ती रोज सांगायची, "नाय रे दादा."

त्या वर्षीचा तांब्या मला मिळाला.

सगळ्यांनी कारखान्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या. तिच्या नावाने कारखान्याला पत्रही मीच लिहिले, तारीख १६ ऑगस्ट. त्यात बोटाची हकिकत होती, आदल्या पत्राबद्दल अवाक्षर नव्हते. कारखान्याचे उत्तर आले. त्या आठवड्यात कमानी तापवण्याच्या भट्टीत गडबड झाली होती, भट्टीवरच्या माणसाला कामावरून दूर केले आहे, अतिशय दिलगीर आहोत. ते पत्र वाचले त्या दिवशी मी जेवलो नाही. दोष त्या माणसाच्या भट्टीचा होता. पण साधी तक्रार वेळेवर पोचली असती तर त्याला फार तर बोलणी बसली असती. त्याचे नाव मला माहीत नाही. हौसाला हे कधी सांगितले नाही. खुर्शीदलाही नाही. तुळसा दर गणपतीला माझ्या घरी मोदक खायला येते, तेव्हा ती दारातून आत येईपर्यंत मला धास्ती असते, की हिला कोणी सांगितले तर नसेल? सांगणार कोण? जाणणारा मी एकटाच.

त्या दिवशी उचलून आणलेला तो काळा चाकू मी मोडला नाही, कारण मोडला तर झाले ते झालेच नाही असे मला वाटू लागले असते. डब्यात सगळ्यात खाली आहे. दोरा पुन्हा बांधला आहे.

तेव्हा माझी इच्छा अशी, की पिवळ्या मुठीचा, म्हणजे मुळात तिच्यासाठी काढलेला चाकू, पितळी तांब्या, आणि १० ऑगस्टचे न टाकलेले पत्र या तीन वस्तू श्रीमती तुळसा आग्रे यांना द्याव्यात, आणि हा आठवा मुद्दा त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. माझ्या मृत्यूनंतर. आधी नको. मला तिचे तोंड बघवणार नाही.

९) क्रियाकर्म साधे करावे. खर्च नको. कावळा शिवला नाही तर ताटकळत बसू नये. कारण आठव्या मुद्द्यात आहेच.

येथे मृत्युपत्र संपते. दुसरा साक्षीदार अजून ठरलेला नाही. शेजारच्या ज्ञानेश्वरी मॅडमना विचारणार आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी

वरील मुद्द्यांत बदल करावा लागत आहे. का, ते नोंदवून ठेवतो.

सकाळी दहाला खुर्शीद सही करायला आला. मी त्याला सांगितले, साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, वकिलांनी सांगितले आहे, तू फक्त सही कर. तो म्हणाला, "बोटीवर पस्तीस वर्षां काढली, न वाचता येका कागदावर सही केली नाय." खुर्ची ओढून बसला आणि पहिल्यापासून वाचत गेला. आप्पांच्या टोकाशी हसला. आठव्या मुद्द्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, आणि तो भाग पुन्हा वाचला. मी खिडकीपाशी उभा राहून विहिरीकडच्या कलमाकडे बघत होतो. 

वाचून झाल्यावर त्याने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तू मेल्यावर तिला वाचून दाखवायचां?"

"हो."

"मंग ती भांडंल कोनाशी? तुज्या राखंशी?"

 तो उठला, चपला घातल्या आणि रिक्षा करून गेला. मी थांबवले नाही. थांबवायला पाहिजे असे वाटत होते आणि थांबवू नये असेही. त्या पाऊण तासात मी गॅस किती वेळा बघितला ते लिहीत नाही.

तुळसा आली. खुर्शीदने तिला रस्त्यात काही सांगितले नव्हते. टेबलाशी बसवून कागद पुढे ठेवला. तिचे शिक्षण चौथीपर्यंत, सावकाश वाचते, प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत. तेच बोट. वाकत नाही, सरळच्या सरळ एकेका शब्दावरून जात होते. सातव्या मुद्द्यापाशी तिने माझ्याकडे एकदा बघितले. आठव्यात बोट मध्येच थांबले आणि पुन्हा चालू लागले. शेवटपर्यंत वाचले. क्रियाकर्माचे पण वाचले.

मग मला विचारले, "पिवळा चाकू खंय हाय?"

मी सागवानी पेटी उघडली. किल्ली दोनदा खाली पडली. चाकू काढला आणि सवयीने टेबलावर ठेवायला गेलो.

"थय नको," ती म्हणाली. "हातात दे माज्या."

"तुळसा, हातात देऊ नये. भांडान होतां."

"होऊंदे!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या मॅडम गॅलरीत आल्या. "एकोनीस वर्सां झाली. एकदाचां होऊंदे भांडान!"

मी तो तिच्या उजव्या तळहातावर ठेवला. तिने चार बोटे मिटली, पाचवे सरळच राहिले. आणि मग ती भांडली. दोन तास. तिचे सगळे बोलणे या कागदावर येणार नाही आणि काही शब्द मृत्युपत्रात शोभणार नाहीत. एक मात्र लिहितो, कारण ते मला लागले आणि लागायलाच हवे होते. ती म्हणाली, "बोटाचां जाऊंदे. बोट येकदाच कापलां. तू रोज इचारायचास, दुखतां का गो, दुखतां का गो. आनि मी तुला सांभाळून घ्यायची, नाय रे दादा, नाय रे दादा, दादाला वाईट वाटंल म्हनून! तवा तुला काय वाटत होतां रे?"

मी खरे सांगितले. "भीती वाटायची."

"कसली?"

"तुला कळंल ह्याची."

"आनि आता?"

 मी रडलो. ती रडली नाही. तिने चाकू उघडला, टेबलाच्या कडेवर पाठ दाबून बघितली, मी शिकवली होती तशी. पाते हलले नाही. मग तिने लाल डबा मागितला, काळा चाकू काढला आणि दोऱ्यासकट कनवटीला लावला. म्हणाली, ह्याचे तुकडे ती स्वतः लोहारासमोर उभी राहून करून घेईल. मी म्हटले, सांभाळून. तेव्हा तिने माझ्याकडे असे बघितले की मी मान खाली घातली. पत्र तिने माझ्या हातातून घेतले, तांब्या मात्र नेला नाही. "तुज्याकडं ठेव," म्हणाली, "आनि त्यातसून रोज पानी पी." चहा खुर्शीदने केला. तिने घेतला नाही. मी आणि खुर्शीद प्यालो.

सबब, आठव्या मुद्द्यातील पिवळा चाकू व पत्र आज रोजी संबंधित व्यक्तीला प्रत्यक्ष हातात दिले असून तांब्या तिने नाकारला आहे. तिला आता या मृत्युपत्रातून काहीही मिळायचे उरलेले नाही. त्यामुळे तिला साक्षीदार होण्यास अडचण नाही, असे तिनेच मला दाखवून दिले. तिसऱ्या मुद्द्यातील पेटीतले चाकू बत्तीसऐवजी एकतीस, सहाव्या मुद्द्यातील डब्यातले नऊऐवजी आठ आणि लाल दोऱ्याचे चाराऐवजी तीन वाचावेत. नवव्या मुद्द्यातील कावळ्याचे वाक्य रद्द, कारण गुरुवारी काय होईल याची मला अजूनही धास्ती आहे, पण ती आता नुसत्या ऑपरेशनाची आहे.

बाकी मजकूर कायम. वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

स्थळ: नाचणे, रत्नागिरी
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: शिवराम बाबल्या रेवाळे

साक्षीदार १: खुर्शीद अब्दुल्ला सोलकर, राजिवडा. सर्व वाचून सही केली.

साक्षीदार २: तुळसा पांडुरंग आग्रे, हातखंबा. सगळां वाचून सही केली. भांडान मिटलेलां नाय. उरलेलां, दादा कोल्हापूरासून परत आला की.